जुन्या वास्तूत शिरलेली तार

मुंबईत टेलिफोन एक्सचेंज सुरू झालं ते १८८२ साली, कलकत्ता आणि मद्रासच्या बरोबरीनं. राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालयाची इमारत त्याआधी चार वर्षं पुरी झाली होती. बोरीबंदरच्या स्टेशनाचं बांधकाम तेव्हा चालू होतं. म्हणजे आज आपण ज्यांना वारसा वास्तू म्हणतो, त्यांतल्या कित्येकींचे नकाशे कागदावर उतरले तेव्हा शहरात टेलिफोन नव्हताच. तारेसाठी भिंतीत नळी सोडलेली नव्हती, जिन्याखाली जागा राखलेली नव्हती. तार मागाहून आली आणि जिथं वाट मिळाली तिथून आत शिरली: तळघराच्या झरोक्यातून, खिडकीच्या सागवानी चौकटीला भोक पाडून, कमानीच्या नक्षीवर खिळे ठोकून.

फोर्टमधल्या एखाद्या दगडी इमारतीच्या जिन्याखाली डोकावून पाहा. जमिनीतून शिशाच्या आवरणाची करडी केबल वर येते आणि लाकडी फळीवर संपते. फळीवर पितळी स्क्रूंच्या रांगा. शेजारी लोखंडी डीपी, म्हणजे तारा वाटून देणारी पेटी, दार बिजागरीतून निसटलेलं. त्याला लागून प्लास्टिकचे मोड्यूल. आणि या सगळ्यावरून गेलेला काळ्या ड्रॉप वायरींचा गुंता, फोनसाठीची प्रतीक्षायादी नव्वदच्या दशकात भराभर हलू लागली तेव्हा ओढलेला. यातले बहुतेक फोन आता बंद आहेत. कुणी मोबाईल घेतला, कुणी फायबर, काही भाडेकरू केव्हाच निघून गेले. तारा मात्र जागच्या जागी आहेत.

अशा वेळी इमारतीची माणसं दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर तिकडे पाहतच नाहीत, किंवा रंगकामाच्या आदल्या दिवशी कुणाला तरी पकड देऊन सगळं कापून टाकायला सांगतात. मला दोन्ही धोक्याचं वाटतं. फोन बंद असला तरी तार रस्त्यावरच्या चेंबरपर्यंत, पुढच्या पिलरपर्यंत (केबली जोडणाऱ्या रस्त्यावरच्या कपाटापर्यंत) आणि कदाचित एक्सचेंजपर्यंत अखंड तांब्यानं जोडलेली असते. बाहेर वीज पडली, किंवा रस्त्यात कुठं विजेची तार तिच्यावर टेकली, तर तो दाब आत आणायला तेवढं पुरेसं आहे. आत काय असतं? शंभर वर्षं वाळलेलं सागवान, कागदपत्रांची कपाटं, लाकडी तक्तपोशी.

टेलिफोनची जोडी म्हणजे एकमेकींना पीळ दिलेल्या तांब्याच्या दोन बारीक तारा, बहुधा अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी जाडीच्या. सुरुवातीच्या फोनला एकच लोखंडी तार असे आणि परतीचा प्रवाह जमिनीतून जाई. जमीन अशी परतीची वाट होऊ शकते हे कार्ल ऑगस्ट फॉन श्टाइनहाइल यानं म्युनिकमध्ये १८३८ साली तारायंत्रासाठी दाखवून दिलं होतं. युरोप-अमेरिकेच्या शहरांत पुढे विजेच्या ट्राम धावू लागल्या, त्यांचाही परतीचा प्रवाह त्याच जमिनीत शिरू लागला आणि फोनवर घरघर ऐकू येऊ लागली. म्हणून दुसरी तार आली, आणि शेजारच्या तारांचा गोंगाट कटावा म्हणून दोघींना पीळ आला. त्या पिळाचं पेटंट ग्रॅहॅम बेलनं १८८१ सालीच घेतलं होतं. जमीन मग बोलण्याच्या वाटेतून बाजूला झाली आणि संरक्षणाच्या कामाला लागली.

एक्सचेंजमधून या जोडीवर ४८ व्होल्टचा एकदिश दाब सतत असतो, आणि त्या बॅटरीचं धन टोक मुद्दाम जमिनीला जोडलेलं असतं. त्यामुळे रस्त्याखालून गेलेलं तांबं जमिनीच्या मानानं ऋण राहतं. ओल शिरली तरी अशा तारेचं तांबं विरघळून जात नाही. उलटी जोडणी असती तर पाणी शिरलेली प्रत्येक केबल काही महिन्यांत आतून खाल्ली गेली असती. पण याचा दुसरा अर्थही लक्षात घ्यावा लागतो. चालू जोडीची ऋण बाजू कुणी उत्साहानं अर्थला जोडली, तर एक्सचेंजला वाटतं की रिसीव्हर उचललेला आहे. लाइन अडकते, आणि तिच्यावर लिफ्टचा आपत्कालीन फोन किंवा आगीची सूचना देणारी यंत्रणा असली तर तीही अडकते. म्हणून कोणत्याही तारेला हात लावण्याआधी पहिलं काम म्हणजे जिवंत जोड्या शोधणं. मल्टिमीटरवर ४८ व्होल्टच्या आसपासचा आकडा दिसला की ती जोडी चालू समजायची आणि तिला खूण करायची. घंटी वाजताना याच जोडीवर ७५ व्होल्टच्या आसपासचा प्रत्यावर्ती दाब येतो. ओल्या हाताला तो चांगलाच झटका देतो.

आता त्या शिशाच्या केबलकडे. तिच्या पोटात प्रत्येक तारेला कागद गुंडाळलेला असतो. कोरडा कागद उत्तम विसंवाहक आहे. एकदा भिजला की संपला. म्हणून त्यावर शिशाची अखंड नळी चढवलेली, आणि मोठ्या केबलींमध्ये तर एक्सचेंजकडून कोरडी हवा भरत असत, म्हणजे बारीक चीर पडली तरी हवा बाहेर जावी, पाणी आत येऊ नये. या केबलींचे सांधे करणारे जॉइंटर हे अत्यंत कसबी कारागीर होते. शेकडो जोड्या एकेक करून पिळायच्या, उकळतं मेण ओतून कागदातली ओल उडवायची, मग ब्लो-लॅम्पच्या आचेवर शिसं आणि कथलाचा मऊ झालेला रस जाड कापडानं फिरवत फिरवत सांध्याला गुळगुळीत आकार द्यायचा. चेंबरमध्ये उकिडवं बसून, पावसाळ्यात डोक्यावर ताडपत्री धरून केलेलं हे काम आज पाहिलं तरी त्यात एक सुरकुती सापडत नाही. अशी केबल भंगाराच्या भावानं जाते तेव्हा मला वाईट वाटतं. जिन्याखालचा एखादा सांधा आणि ती पितळी स्क्रूंची फळी जागेवर जपून ठेवायला फारसा खर्च येत नाही. इमारतीच्या इतिहासात कोरीव कठड्याइतकीच तिलाही जागा आहे.

जपायची म्हणजे आधी तिच्यापासून सांभाळायचं. शिशावर पांढुरकी भुकटी बसलेली असते, ती विषारी आहे. तिला ब्रशनं झाडू नये, ओल्या फडक्यानं पुसावी. हातमोजे घालावेत आणि खाण्यापिण्याआधी हात धुवावेत. कापायची वेळ आली तर कटर वापरावा, ग्राइंडर लावू नये. आणि आच तर अजिबात नको. इंग्लंडमधल्या अपपार्क या सतराव्या शतकातल्या वाड्याला १९८९ साली लागलेली आग छतावरच्या शिशाच्या दुरुस्तीतल्या आचेनं लागली होती, आणि तीही काम संपत आलेलं असताना. शिशाच्या आवरणाला अर्थची तार जोडायला आज घट्ट बसणारे क्लॅम्प मिळतात. डाग देण्याची गरज नाही.

केबल कापण्यापूर्वी ती इथं संपते का, हे नक्की करावं लागतं. जुन्या भागात एकाच केबलीवरून दोन-तीन इमारती जोडलेल्या असत. तुमच्या जिन्याखालून ती पुढच्या इमारतीत जात असेल, तर तुमच्या कापण्यानं शेजारच्या दवाखान्याचा फोन बंद पडेल, आणि उघड्या टोकातून कागद ओल शोषून घेईल. शिवाय केबल बहुधा टेलिफोन कंपनीच्या मालकीची असते. मुंबईत १९८६ पासून एमटीएनएल, बाकी महाराष्ट्रात २००० पासून बीएसएनएल. त्यांना लेखी कळवून, त्यांचा लाइनमन बोलावून, पिलरच्या बाजूनंही जोडी सोडवून घेणं हाच रस्ता. याला वेळ लागतो. तरीही तो टाळू नये, कारण दुसऱ्या टोकाला काय जोडलेलं आहे हे फक्त त्यांच्याच नोंदीत असतं.

वीज थेट तारेवर पडायला लागत नाही. शे-दोनशे मीटरवर कोसळली तरी लांबलचक तारेत काही हजार व्होल्टचा दाब उमटू शकतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर वळवाच्या दिवसांत, आणि पुन्हा परतीच्या पावसात, हे दरवर्षी घडतं. म्हणून तार इमारतीत शिरते तिथंच संरक्षक बसवतात. पूर्वी तो कार्बनच्या दोन ठोकळ्यांचा असे, त्यांच्यात माणसाच्या केसाइतकी फट. दाब चढला की फटीत ठिणगी पडायची आणि प्रवाह जमिनीकडे वळायचा. धूळ आणि ओल बसून हे ठोकळे बिघडत. फोनवर खरखर येण्याचं ते एक कारण असे. आता गॅस भरलेली छोटी नळी असते. नेहमीच्या प्रकारात ती २३० व्होल्टच्या आसपास उघडते आणि दाब उतरला की मिटते. दिसायला इतकी किरकोळ की लाइनमनच्या पिशवीत डझनभर मावतील. पण ती ज्या तारेनं जमिनीला जोडलेली आहे, तितकीच तिची ताकद. अनेक जुन्या डीपींमध्ये नळ्या आहेत आणि अर्थची तार मात्र कधीच्या काळी कुणी तरी कापून नेलेली आहे. ती नळी मग नुसती शोभेला उरते.

अर्थ द्यायचा तो कुठं? या प्रश्नाचं चुकीचं उत्तर भल्या भल्या ठिकाणी सापडतं. टेलिफोनला विजेचा त्रास नको म्हणून त्याचा अर्थ वेगळा, इमारतीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, स्वतंत्र खड्ड्यात. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. साधा गुणाकार करून पाहू. कळसावरच्या वीजरोधकावर वीज पडली आणि त्यातला २०,००० अँपिअर प्रवाह ५ ओहम रोधाच्या खड्ड्यात उतरला, तर इमारतीचा तो अर्थ आणि त्याला जोडलेलं सगळं क्षणभर १,००,००० व्होल्टवर जातं. दुसऱ्या कोपऱ्यातला टेलिफोनचा अर्थ मात्र जवळजवळ शून्यावरच असतो. या दोघांच्या मधोमध कोण असतं? एका बाजूनं विजेच्या प्लगला आणि दुसऱ्या बाजूनं फोनच्या तारेला जोडलेलं यंत्र, आणि कानाला रिसीव्हर लावलेला माणूस.

बंदरात नांगरलेल्या होड्या भरतीला सगळ्या एकदम वर येतात, म्हणून एकमेकींवर आपटत नाहीत. अर्थिंगमध्ये नेमकं हेच साधायचं असतं. विजेचा मुख्य अर्थ, वीजरोधकाचा अर्थ, पाण्याची लोखंडी नळी, टेलिफोनचा संरक्षक आणि केबलीचं शिशाचं आवरण या सगळ्यांना एकाच तांब्याच्या पट्टीवर आणून बांधायचं. दाब चढला तर सगळ्यांचा एकदम चढेल आणि त्यांच्यात फरक उरणार नाही. अर्थिंगसाठीचं भारतीय मानक आयएस ३०४३ आणि वीजसंरक्षणासाठीचं आयएस/आयईसी ६२३०५, दोन्हींचा रोख या एकत्र बांधण्याकडेच आहे. खड्ड्याचा रोध किती ओहम आला याची चौकशी सगळे करतात. सगळं एका जागी बांधलेलं आहे का, हे फार थोडे विचारतात. माझ्या मते दुसरा प्रश्न पहिल्याहून मोठा आहे.

त्या बांधण्याच्या तारेची लांबीही महत्त्वाची असते. वीज इतक्या झपाट्यानं चढते की तारेचा साधा रोध तिथं गौण ठरतो. सरळ तारेचं प्रेरकत्व मीटरला सुमारे एक मायक्रोहेन्री असतं. प्रवाह मायक्रोसेकंदाला १०,००० अँपिअरनं वाढला, तर तारेच्या प्रत्येक मीटरवर १०,००० व्होल्ट उभे राहतात. अमेरिकेच्या विद्युत संहितेत घरगुती फोनच्या संरक्षकापासून अर्थपर्यंतची तार शक्यतो ६ मीटरच्या आत ठेवावी असं सांगितलेलं आहे, ते याचमुळे. म्हणून टेलिफोनची केबल विजेच्या मीटरबोर्डाजवळूनच आत यावी. जुन्या वास्तूत ती समोरच्या दारातून येते आणि मीटरबोर्ड मागच्या चौकात असतो. केबलीचं शेवटचं काही अंतर बाहेरून फिरवून मीटरबोर्डाजवळ आणणं शक्य असेल तर तो खर्च करावा. बांधणीसाठी १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्यावी, ती सरळ न्यावी, वळण आलंच तर सैल द्यावं. उरलेल्या तारेचं सुबक वेटोळं करून खिळ्याला अडकवण्याचा मोह इथं आवरावा लागतो. फोनच्या तारेचं वेटोळं चालतं. अर्थच्या तारेचं वेटोळं विजेच्या वाटेत भिंत घालतं.

खड्ड्याचा विषय आपल्याकडे वेगळा लिहायला हवा. लोखंडी पाईप उभा करायचा, भोवती कोळसा आणि खडेमीठ भरायचं, उन्हाळ्यात वरून पाणी ओतायचं, ही आपली रुळलेली पद्धत. कारखान्याच्या आवारात ती चालून जाते. दगडी वारसा वास्तूच्या जोत्याशी तिनं मोठं नुकसान होतं. मीठ पाण्यात विरघळतं, पाण्याबरोबर भिंतीत चढतं, आणि पृष्ठभागाजवळ पाणी उडून गेलं की दगडाच्या छिद्रांत त्याचे स्फटिक होतात. फुगणाऱ्या स्फटिकांनी दगडाचा पापुद्रा सुटतो. मुंबईच्या अनेक गॉथिक इमारतींच्या नक्षीला पोरबंदरचा चुनखडीचा मऊ दगड वापरलेला आहे. मीठ चढलं की त्याची पानंफुलं बोटानं झडतात. आधीच समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं तो बेजार आहे. त्यात आपण पायथ्याशी पोतंभर मीठ पुरायचं आणि वर पाणी घालत राहायचं, हे थांबायलाच हवं. मिठाऐवजी बेंटोनाइट ही माती वापरता येते. ती ओल धरून ठेवते, आणि तिच्यात मीठ मिसळलेलं नसतं. खड्डाही भिंतीपासून दूर, जोत्याचा पाया चुकवून घ्यावा. केंद्र-संरक्षित स्मारकाच्या आवारात कुदळ मारण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते. मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंसाठी स्वतंत्र नियमावली आहे, त्यामुळे दर्शनी भागावर काही नवं बसवायचं असेल तर आधी तिची श्रेणी तपासावी.

जमीन सगळीकडे सारखी नसते. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती ओल धरते, तिथं एक विद्युदग्र, म्हणजे जमिनीत पुरलेला दांडा, पुरतो. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर किंवा कोकणच्या जांभ्यावर दोन-तीन विद्युदग्र एकमेकांपासून अंतर ठेवून जोडावे लागतात. आणि मोजायचं ते मे महिन्यात. ऑगस्टमध्ये भिजलेल्या मातीवर घेतलेला आकडा पाहून समाधान मानू नये, कारण पहिला वळीव कोसळतो तेव्हा जमीन तळापर्यंत कोरडी असते.

आवराआवरीला हात घालण्याआधी फोटो काढावेत आणि प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावी. नंतर दर्शनी भिंत. तिथल्या काळ्या वायरींपैकी ज्या मृत ठरल्या त्या उतरवताना ओढू नयेत. खिळा गंजून दगडात फुगलेला असतो. ओढला की कपचीसकट येतो. वायर खिळ्याजवळ कापावी, खिळा नंतर एकेक करून सोडवावा आणि भोक चुन्यानं भरावं. सिमेंट नको, ते दगडाहून कडक असतं. ज्या तारा ठेवायच्या त्या कॉर्निसच्या सावलीतून किंवा पावसाच्या पन्हाळीच्या आडून न्याव्यात, वीजरोधकाच्या पट्टीपासून मात्र लांब. क्लिपा स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात आणि स्क्रू दगडात न घेता दोन दगडांमधल्या दर्जेत घ्यावा. दर्ज पुन्हा भरता येते. शिशाची केबल ताज्या चुन्यात किंवा सिमेंटात थेट गाडू नये, ओल्या क्षारानं शिसं खाल्लं जातं. तिला आधी डांबरी पट्टी गुंडाळावी.

तार आत शिरते त्या भोकाला बाहेरच्या बाजूनं उतार हवा, आणि शिरण्याआधी तारेला खाली झोल हवा, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी गळून पडतं. जमिनीखालून येणाऱ्या नळीचं तोंड आतून बंद करायला विसरू नये. जुलैमध्ये रस्त्यावरचं चेंबर तुडुंब भरतं, आणि तेच पाणी नळीतून तळघरात येतं. गटाराचा वायू आणि उंदीरही त्याच वाटेनं येतात. मजल्यामजल्यावरच्या तक्तपोशीतली तारांची भोकं आग रोखणाऱ्या लुकणानं भरावीत. लाकडी इमारतीत आग अशाच भोकांतून वरच्या मजल्यावर चढते.

ज्या जोड्या मृत ठरल्या पण केबलीच्या पोटातच आहेत, त्यांचं काय? कंपनीनं पिलरकडून सोडवल्याची खात्री झाली की इमारतीच्या टोकाला त्या सगळ्या एकत्र करून अर्थच्या पट्टीला बांधाव्यात. अधांतरी सोडलेल्या तारांची टोकं दाब आला की शेजारच्या चालू जोडीवर ठिणगी टाकू शकतात. डीपीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक नकाशा चिकटवावा: कोणती जोडी कुठं जाते, अर्थची पट्टी कुठं आहे, शेवटचं मोजमाप कधी झालं आणि किती आलं. ढग गडगडत असताना यातलं कोणतंही काम करायचं नाही, अगदी नकाशा चिकटवायलाही डीपी उघडायची नाही.

शेवटी फायबर. काचेचा धागा वीज वाहत नाही, म्हणून फायबर आलं की अर्थिंगची कटकट संपली असं विक्रेते सांगतात. धाग्यापुरतं ते खरं आहे. पण खांबावरून इमारतीत ओढलेल्या बहुतेक फायबर केबलींना ताण सोसण्यासाठी पोलादी तार असते, आणि जमिनीखालच्या काहींना पोलादी कवच. ती तार तांब्याच्या जोडीइतकीच मोकळेपणानं विजेचा दाब आत आणते. प्रवेशापाशीच पोलाद कापून मागं घ्यावं किंवा त्याच पट्टीला बांधावं, आणि पुढे आत नुसता धागा न्यावा. ऑर्डर देतानाच पूर्णपणे धातुविरहित केबल मागितली तर हा प्रश्नच येत नाही. तिच्यात पोलादाऐवजी काचतंतूचा दांडा असतो.